टर्बो पेट्रोल तीन हजार आरपीएमनंतर दम टाकते: टर्बो खरंच गेलाय का?

तिसरा गिअर
नमस्कार मंडळी. गाडी १.४ लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, हाताचे गिअर. खालच्या आरपीएमला काहीच तक्रार नाही. पण तिसऱ्या गिअरपासून पुढे पाय पूर्ण दाबला की ३००० च्या आसपास ओढ एकदम मरते. बॉनेटखालून "फुस्स" असा आवाज येतो आणि थोड्या वेळाने इंजिनचा पिवळा दिवा लागतो. कोड पी०२९९. आयडलिंग एकदम शांत, धूर नाही, ऑइल कमी होत नाही, कूलंटची पातळी जागच्या जागी.
गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली, आवाज ऐकला आणि निकाल दिला: टर्बो गेला, नवा टाका. इतक्या लवकर निकाल लागल्यामुळेच मला शंका आहे. घरी सॉकेट सेट, टॉर्क पाना, टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आणि फोनला जोडायचा ओबीडी अडॅप्टर आहे. पुढेमागे मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) आणि रीमॅप (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलणं) करायचं डोक्यात आहे, पण आधी हे निस्तरू दे. टर्बो गेला की नाही हे घरच्या घरी कसं ठरवायचं?

नटबोल्ट
पी०२९९ चा अर्थ एवढाच की ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, टर्बोकडून हवेचा जितका दाब (बूस्ट) मागितला तितका मिळाला नाही. का मिळाला नाही, ते त्या कोडमध्ये नसतं. संशयितांची रांग लांब आहे: फाटलेला होज, सैल क्लॅम्प, इंटरकूलरच्या प्लॅस्टिक टाकीची चीर, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय सोडल्यावर जास्तीची हवा परत वळवणारा) फाटका पडदा, अर्धवट उघडा राहणारा वेस्टगेट (एक्झॉस्टचा वायू टर्बोला टाळून सोडणारी झडप), बूस्ट सोलेनॉइड (वेस्टगेट चालवणारी विजेची झडप), तुंबलेला कॅटॅलिटिक (धूर साफ करणारा एक्झॉस्टमधला भाग). टर्बो स्वतः या रांगेत बराच मागे उभा असतो. आणि तो गेलाच असेल तरी बहुतेक वेळा ऑइलने मारलेला असतो, म्हणजे मूळ कारण न शोधता नवा टाकला तर तोही त्याच वाटेने जातो.
इंजिन पूर्ण थंड असताना टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढा आणि चाक बोटांनी धरून हलवून बघा. वर-खाली किंचित हललं तर घाबरू नका. साध्या बेअरिंगच्या टर्बोत शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, त्यामुळे ऑइलचा दाब नसताना थोडी मोकळीक जाणवतेच. मात्र आत-बाहेर, म्हणजे शाफ्टच्या दिशेने, हाताला काही जाणवता कामा नये. पाती घराला घासल्याच्या खुणा किंवा पात्यांच्या कडा खाल्लेल्या दिसतात का ते टॉर्च मारून बघा. लहान टर्बोंचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्याही पुढे जातो. एवढ्या वेगात घासलेलं चाक खूण सोडल्याशिवाय राहत नाही.

पाना नंबर दहा
एवढी डोकेफोड कशाला? साधा मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर लावा, दाब वाढवा, मोकळे व्हा.

नटबोल्ट
@पाना, फाटक्या पिशवीत जास्त पाणी ओतल्याने पिशवी भरत नाही. शिवाय हल्लीच्या गाडीत वेस्टगेट ईसीयूच्या ताब्यात असतो. मध्ये दुसरं कोणी ढवळाढवळ करायला लागलं की ईसीयू ओव्हरबूस्ट (जास्त दाब) म्हणून इंधन किंवा थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) कापतो. मग पी०२९९ जाऊन पी०२३४ येईल, एवढाच फरक.

लॅम्ब्डा
तिसरा गिअर, अडॅप्टर आहे तर लॉग काढा. एवढ्या गोष्टी नोंदवा: आरपीएम, मॅनिफोल्डचा (थ्रॉटलनंतर सिलेंडरना हवा वाटणारा भाग) प्रत्यक्ष दाब, ईसीयूने मागितलेला दाब, एअर मास सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा), शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते), आत येणाऱ्या हवेचं तापमान, इग्निशन टायमिंग, आणि अ‍ॅपमध्ये दिसत असेल तर वेस्टगेटची ड्यूटी (दाब वाढवायला ईसीयू किती टक्के जोर लावतोय). साधे अडॅप्टर हळू असतात, त्यामुळे एका वेळी चार-पाच आकडेच निवडा नाहीतर लॉग तुटक येतो. तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून वर एक सलग ओढ. बंद किंवा मोकळ्या रस्त्यावर, आणि फोन शेजारी बसलेल्याच्या हातात. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.
त्याआधी एक फुकटची तपासणी: चावी ऑन, इंजिन बंद. दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल, १५०० मीटर उंचीवर साधारण ८५. आकडा इथेच चुकीचा असेल तर पुढचा सगळा लॉग बिनकामाचा.

तिसरा गिअर
शाफ्ट बघितला. आत-बाहेर शून्य, वर-खाली अगदी नाममात्र, पाती चकाचक. पाइपच्या आत ऑइलचा हलका ओलावा आहे, थेंब नाहीत.
चावी ऑन करून १०० किलोपास्कल. लॉगमधलं थोडक्यात: ३२०० आरपीएमला मागणी २१०, मिळाले १६५. एअर मास मात्र चांगला दिसतोय, गाडी ठणठणीत असताना एकदा लॉग काढला होता त्याच्यापेक्षा किंचित जास्तच. लाँग ट्रिम आयडलला +२ टक्के, बूस्टमध्ये शॉर्ट ट्रिम -१४ पर्यंत जाते. वेस्टगेट ड्यूटी ९५ ला टेकलेली.

लॅम्ब्डा
मग टर्बो निर्दोष आहे असं समजा. लॉग जवळजवळ नाव घेऊन सांगतोय.
एअर मास सेन्सर एअर फिल्टरपाशी बसतो. त्याच्यासमोरून पूर्ण हवा गेली, म्हणजे टर्बोने ती ओढली. पण मॅनिफोल्डपर्यंत दाब पोहोचला नाही. मधल्या वाटेत हवा बाहेर पडतेय. ईसीयू मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल टाकतो, त्यातली थोडी हवा निसटलेली, म्हणून मिश्रण श्रीमंत होतं (पेट्रोल जास्त) आणि ट्रिम उणे जाते. वेस्टगेट उघडा अडकला असता तर टर्बो फिरलाच नसता; मग एअर मास आणि दाब दोन्ही एकदम खाली दिसले असते. कॅटॅलिटिक तुंबला तरी तसंच, दोन्ही कमी.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितोय. गळती आहे तर आयडलिंगला काहीच का कळत नाही? माझ्या जुन्या गाडीत व्हॅक्यूम लीक होती तेव्हा आयडलिंगलाच सगळा गोंधळ असायचा.

लॅम्ब्डा
गळती कुठे आहे त्यावर अवलंबून आहे. तुमची थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवर असणार. तिथे आयडलला जोरदार व्हॅक्यूम असतो, म्हणजे न मोजलेली हवा आत खेचली जाते, मिश्रण पातळ होतं, ट्रिम अधिकमध्ये जाते. टर्बो आणि थ्रॉटलच्या मधल्या पाइपमध्ये मात्र आयडलला बाहेरच्याइतकाच दाब असतो. भोक असलं तरी आत-बाहेर जायला हवेला कारण नाही. बूस्ट आला की तेच भोक बोलायला लागतं. म्हणून "आयडल सुरेख, बूस्टमध्ये उणे" दिसलं की शोध थ्रॉटलच्या अलीकडे घ्यायचा.
हे सगळं एअर मास सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांचं. काही गाड्यांत फक्त मॅनिफोल्डचा दाब आणि तापमान यांवरून हवा काढतात. तिथे गळतीमुळे ताकद जाते पण ट्रिम जवळपास हलत नाही, म्हणून नुसत्या ट्रिमवर विसंबू नका.

नटबोल्ट
आता लीक टेस्टर बनवा. विकतचाच लागतो असं नाही. टर्बोच्या तोंडावरच्या पाइपात घट्ट बसेल अशा मापाचं जाड पीव्हीसी एंड कॅप घ्या, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. पाइप, कॅप, क्लॅम्प, झालं. हे एअर मास सेन्सरच्या पुढे लावायचं. एअर फिल्टरचा प्लॅस्टिक डबा दाबासाठी बनलेला नसतो, तो फुटेल.
इथे घाई करू नका, बहुतेक लोक या पायरीला फसतात.
क्रँककेसचा ब्रीदर पाइप (इंजिनच्या तळातली वाफ इनटेकमध्ये नेणारा) जिथे इनटेकला मिळतो तिथे तो काढा आणि इनटेककडचं तोंड बंद करा. ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवा, कारण थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरणारच, आणि तिला वाट नसेल तर क्रँकचं ऑइल सील बाहेर ढकललं जाईल. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर हवाच. आधी ०.३ बार. मोठ्या गळत्या इतक्यावरच फुसफुसतात. मग हळूहळू ०.७, मग १ बार. तुमची गाडी मूळ जितका बूस्ट करते त्याच्यावर जाऊ नका. आणि कॅपच्या समोर कधीही उभं राहू नका. एक बारला सुटलेली कॅप गुपचूप खाली पडत नाही.
सगळी हवा सायलेन्सरमधून निघून जात असेल तर एखाद्या सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह अर्धवट उघडे आहेत. क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हाताने थोडं पुढे फिरवा, न्यूट्रलमध्ये. ऑइलच्या झाकणातून हलका "स्स्स" चालेल, वादळ आलं तर रिंगा किंवा टर्बोचं सील बघावं लागेल.
साबणाचं पाणी फवारा आणि हात फिरवा. खालच्या बाजूनेही. लोक वरून फवारतात, बुडबुडे दिसत नाहीत, आणि "गळती नाही" म्हणून परत टर्बोवर येतात.

पाना नंबर दहा
माझा छोटा कॉम्प्रेसर एक बार धरतच नाही, हवा संपते. म्हणजे गळती आहे असं समजायचं का?

नटबोल्ट
नाही. टायरचे छोटे कॉम्प्रेसर मिनिटाला फारच थोडी हवा देतात, आणि रिंगांवरून जाणारी हवाच तेवढी असते. टाकीवाला कॉम्प्रेसर मागून आणा. अथवा धुराचं मशीन. धूर अगदी कमी दाबावर चालतो, पण त्यात अडचण ही की दाबाखालीच उघडणारी चीर धुराला सापडत नाही.

तिसरा गिअर
सापडली! इंटरकूलरकडून थ्रॉटलकडे येणारा रबरी होज, बरोबर खालच्या अंगाला. फॅनच्या कव्हरला घासून घासून बोटाच्या पेराएवढी चीर पडली आहे. हातात धरून बघितलं तर काही दिसत नाही, ओठ मिटलेले. ०.५ बारच्या पुढे गेलं की ते उघडतात आणि साबणाचा फेस उडतो. टाकीवाला कॉम्प्रेसर शेजाऱ्यांकडून आणला होता, म्हणून जमलं.
नवा होज मागवते आहे. मूळ रबरी घेऊ की सिलिकॉन? दिसायला सिलिकॉन भारी असतो म्हणून विचारतेय असं नाही :)

लॅम्ब्डा
सिलिकॉन उष्णतेला चांगला, पण साधा सिलिकॉन ऑइल आतून बाहेर झिरपू देतो. महिन्याभरात बाहेरून चिकट होतो, धूळ बसते, आणि मालक पुन्हा गळती शोधायला बसतो. घ्यायचाच तर आतून फ्लुओरोसिलिकॉनचा थर असलेला घ्या. नाहीतर मूळ रबरी. मूळ बूस्टसाठी तो पुरेसा आहे, हे मी मोठ्या बूस्टवाल्या गाड्या हाताळूनही सांगतो.
बसवताना दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी करा. ऑइलचा ओलावा राहिला की होज बूस्टमध्ये निसटतो. पाइपला कडेला उंचवटा असेल तर क्लॅम्प त्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर नाही. अवांतर: जुने जाणते होज चढवताना केसांचा स्प्रे मारतात. ओला असताना घसरतो, वाळल्यावर चिकटतो. हसू नका, चालतं.
आणि त्या फॅनच्या कव्हरचं काहीतरी करा, नाहीतर नवा होजही तिथेच घासेल. होज इतका खाली का लोंबतोय ते बघा. इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारं रबर) खचलं असेल तर इंजिन जास्त हलतं आणि होज ओढला जातो.

काजळी
डिझेलवाल्यांसाठी जरा भर घालतो, कारण हाच कोड आमच्याकडेही येतो. व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोत वेस्टगेट नसतो, एक्झॉस्टच्या बाजूच्या हलत्या पट्ट्या दाब ठरवतात. गाडी कायम शहरात रेंगाळत चालवली की काजळीने या पट्ट्या अडकतात. लक्षण असं की चढावर किंवा लांबच्या प्रवासात गाडी एकदम लिंप मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी करून चालणं) जाते आणि बंद करून परत चालू केली की काही काळ ठीक. बंद स्थितीत अडकल्या तर ओव्हरबूस्ट, उघड्या स्थितीत अडकल्या तर अंडरबूस्ट. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने पट्ट्या हलवणारा अ‍ॅक्च्युएटर ओढून बघा: रॉड सलग, न अडखळता, पूर्ण अंतर सरकला पाहिजे आणि व्हॅक्यूम टिकला पाहिजे. टिकत नसेल तर पडदा फाटलाय. त्याआधी व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या बघा, त्या बहुतेक वेळा टोकाशी चिरलेल्या असतात. टोक कापून परत लावलं की काम संपतं.

तिसरा गिअर
होज बसवला, फॅनच्या कव्हरची कड घासून गुळगुळीत केली. गाडी बदलली! पण पूर्ण नाही. आता मागणी २१०, मिळतात १९५-१९८. ट्रिम बूस्टमध्ये -३, म्हणजे गळती संपली. इंजिन गरम असताना हळू रेस सोडली की एक्झॉस्टकडून पत्रा थरथरल्यासारखा आवाज येतो. हा आवाज आधीही होता, मला उष्णतेच्या पत्र्याचा वाटला होता.

नटबोल्ट
वेस्टगेटची झडप. तिचा धुरा आणि त्याची बुशिंग झिजली की झडप तिच्या बसकणीवर नीट बसत नाही, थरथरते आणि थोडा वायू टर्बाइनला टाळून निघून जातो. तुमचा अ‍ॅक्च्युएटर कुठला आहे? हवेच्या दाबावर चालणारा डबा असेल तर हातपंपाने दाब देऊन बघा, स्प्रिंगच्या ठरलेल्या दाबापर्यंत रॉड हलता कामा नये. रॉडला एक-दोन मिलिमीटरचा ताण, म्हणजे प्रीलोड, असावा लागतो. रॉड त्याच्या पिनवर बसवताना थोडा ओढावा लागला पाहिजे. आपोआप बसत असेल तर सैल आहे.
मोटरवाला इलेक्ट्रॉनिक असेल तर रॉडला हात लावण्यापूर्वी थांबा. रॉड हलवल्यावर स्कॅनरने त्याच्या दोन्ही टोकांची जागा पुन्हा शिकवावी लागते, नाहीतर ईसीयू चुकीच्या जागेला "बंद" समजतो.
रॉड आवळून जास्त बूस्ट काढणारे महाभाग आहेत. तो ट्यूनिंगचा मार्ग नाही.

तिसरा गिअर
दाबाचा डबा आहे, आणि रॉड खरोखर आपोआप बसत होता. नट सोडून प्रीलोड दिला, हातपंपाने तपासलं, थरथर गेली. आता २०७ ते २१०, आणि ड्यूटी ७० च्या आसपास. आवाज परत आला तर झडपेची झीज मान्य करेन.
आता दुसरा भाग. इंटरकूलर, डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), रीमॅप. कुठून सुरू करू?

पाना नंबर दहा
सरळ स्टेज वन (पहिल्या टप्प्याचा रीमॅप)! डायव्हर्टर काढून ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावा, आवाज ऐकून मजा येते.

लॅम्ब्डा
तुमची गाडी एअर मासवर चालते. ब्लो-ऑफने हवा बाहेर फेकली की मोजलेली हवा वाया जाते आणि दर गिअर बदलताना क्षणभर श्रीमंत मिश्रण. ताकद शून्य वाढते. आवाज हवा असेल तर तो आवाज म्हणून घ्या, सुधारणा म्हणून नको.
क्रम सांगतो, माझ्या मताने. आधी इंजिनची तब्येत: कॉम्प्रेशन किंवा लीकडाउन टेस्ट (सिलेंडर दाब नीट धरतो का ते बघणारी). चारही सिलेंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. मग स्पार्क प्लग. बूस्ट वाढला की ठिणगी विझते, म्हणून फट ०.६ ते ०.७ मिलिमीटरपर्यंत कमी करतात आणि गरजेप्रमाणे एक पायरी थंड प्लग घेतात. मग इंटरकूलर, आणि त्यानंतरच मॅप. कारण मॅप तुमच्या गाडीच्या आजच्या हवेवर बनतो. नंतर सामान बदललं की मॅप शिळा.
इंटरकूलर का आधी, याचा हिशोब करा. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तर ती साधारण १२५ अंशांवर बाहेर पडते. गळतीच्या गाडीत टर्बो जास्त फिरतो, कार्यक्षमता घसरते, हवा आणखी तापते. गरम हवेत नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणं) लवकर येतं, ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि मॅपने दिलेली ताकद उन्हात काढून घेतो. म्हणून लॉगमध्ये हवेचं तापमान बघा. एका ओढीत बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंश वर जाऊन थांबत असेल तर मूळ इंटरकूलर ठीक आहे. हा फरक ४० च्या वर चढत राहिला तर बदला.

काजळी
उंचीवर राहणाऱ्यांनी अजून एक लक्षात घ्या. बाहेर ८५ किलोपास्कल असताना २०० मिळवायचे तर गुणोत्तर २.३५ होतं, समुद्रसपाटीला तेच २ च्या आत. समुद्रसपाटीला बनलेला मॅप वर नेला की छोटा टर्बो शेवटच्या श्वासावर फिरतो.

वाचनमात्र
सेन्सरच्या वायरमध्ये लावायच्या डब्या मिळतात, त्या कशा असतात? मॅपला हात लावावा लागत नाही म्हणे.

नटबोल्ट
ती डबी दाबाच्या सेन्सरचा आकडा कमी करून ईसीयूला सांगते. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी आहे, तो वाढवतो. म्हणजे ज्याच्या भरवशावर इंजिन सुरक्षित चालतं त्यालाच खोटं सांगायचं. उद्या खरंच ओव्हरबूस्ट झाला तर त्याला कळणार कसं? आणि तुमच्या लॉगमधलाही आकडा खोटाच. मी लावणार नाही, लावून देणारही नाही.
डाउनपाइपबद्दल: मोकळा केला की टर्बाइनमागचा अडथळा जातो, टर्बो लवकर जागा होतो. पण मूळ वेस्टगेट लहान असेल तर वरच्या आरपीएमला दाब ताब्यात राहत नाही, चढतच जातो. त्यात कॅटॅलिटिक काढणं हे प्रदूषणाच्या नियमात बसत नाही आणि विमाही अडू शकतो. कॅटॅलिटिक ठेवून जे होतं ते करा.

तिसरा गिअर
समजलं. सध्या प्लग आणि कॉम्प्रेशन टेस्ट. एक शंका: खालच्या आरपीएमला टॉर्क वाढवणारा मॅप सगळे विकतात. पाचव्या गिअरमध्ये १५०० ला पाय दाबला की ढकलतो, छान वाटतं. पण हे डायरेक्ट इंजेक्शनला चांगलं नाही असं ऐकलंय?

लॅम्ब्डा
बरोबर ऐकलंय. कमी वेग, जास्त भार, यात ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होतो, त्याला एलएसपीआय म्हणतात. सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल आणि पेट्रोल मिसळून उडालेले थेंब हे त्यामागचं एक कारण मानतात. नेहमीचं नॉकिंग टायमिंग मागे घेऊन आवरतं, हे तसं आवरत नाही. एकाच दणक्यात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते. ऑइलमध्ये कॅल्शियमवाले डिटर्जंट जास्त असले की शक्यता वाढते, म्हणून २०१८ मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेची एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही वर्गवारी आली. डब्यावर एसपी किंवा त्यापुढची वर्गवारी बघून घ्या, आणि उत्पादकाने सांगितलेला घट्टपणा बदलू नका. मॅप करणाऱ्याला स्पष्ट सांगा की २००० च्या खाली टॉर्क मूळ इतकाच ठेव, वाढ २५०० च्या पुढे दे. क्लचही तुमचे आभार मानेल.

वाचनमात्र
शेवटचं विचारतो. टर्बो काढून साफ करून परत बसवला तर लगेच स्टार्ट करायचं का? आणि बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवतात ते खरं का?

नटबोल्ट
लगेच नाही. फीड पाइपच्या (टर्बोला ऑइल देणारा) बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे टाका. पाइप आतून जळक्या ऑइलने अरुंद झाला असेल तर साफ करत बसू नका, बदला. बसवताना टर्बोच्या ऑइलच्या तोंडात थोडं स्वच्छ ऑइल सोडा, मग इंधन पंपाचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारा. मग फ्यूज लावा, स्टार्ट करा, आणि एक मिनिट रेस देऊ नका. परतीचा पाइप उताराने, वळसा न घेता संपला पाहिजे. तो तुंबला तर चांगल्या टर्बोच्या सीलमधूनही ऑइल एक्झॉस्टमध्ये येतं आणि निळा धूर बघून लोक टर्बोच बदलतात.
आयडलिंगचं: बेअरिंगला पाणी खेळणाऱ्या टर्बोत रोज थांबायची गरज नाही. शेवटची दोन-तीन मिनिटं हळू चालवा, बस. जोरात चढ चढून लगेच थांबलात तर मात्र मिनिटभर चालू राहू द्या.

तिसरा गिअर
प्लग काढले. चारही फिकट तपकिरी, फट मात्र ०.९ झाली आहे. नव्यांची ०.७ ठेवते आहे. कॉम्प्रेशनचे आकडे गेज मिळाला की इथेच टाकते.

लॅम्ब्डा
इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंजेक्टरचा फ्यूज काढलेला आणि बॅटरी पूर्ण चार्ज. नाहीतर चौथ्या सिलेंडरला स्टार्टर मंदावतो आणि तोच कमी दिसतो.